तिसऱ्या रक्ताची घंटा

१

बरोबर बाराच्या ठोक्याला रिकाम्या ठाणात घंटा वाजली.

कमलाकांत त्रिलोकेकरांनी तपकिरीची चिमूट नाकापर्यंत नेली होती, ती बोटांतच राहिली. परळच्या त्या गोठ्यात एका ओळीत पाच ठाणं होती. चार ठाणांत चार वासरं, त्यांच्या गळ्यांत चार पितळी घंटा, आणि चारही वासरं मान वळवून मधल्या, तिसऱ्या ठाणाकडे बघत उभी होती. एकाही घंटेचा लोलक हलत नव्हता. तिसऱ्या ठाणात गव्हाण होती आणि खुंट्याला बांधलेला सुटा दोर, बाकी काही नाही. घंटा मात्र तिथूनच वाजली. चार-पाच टोल झाले आणि थांबली.

"ऐकलंत मामा?" मृणालिनी हळूच म्हणाली. "पंधरा दिवस हे असंच चाललंय. हा तिसरीचाच आवाज. मी झोपेतसुद्धा ओळखीन."

कमलाकांतांनी चिमूट ओढली आणि ते दोनदा सणसणीत शिंकले. मुंबईत अवचित मेलेल्या माणसांची चौकशी जिथे होते, त्या कॉरोनरच्या कोर्टात त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली होती. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण एवढ्या वर्षांत एकही भूत साक्षीला उभं राहिलं नव्हतं. तरी आत्ता त्यांच्या मानेवर काटा आला होता, आणि तो लपवायला शिंक बरी पडली.

"आता पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "माझी दुपारची झोप मोडून गिरगावातून इथवर आणलं आहेस. अर्धवट सांगितलंस तर चालायचं नाही."

मृणालिनी कोठारे या छोट्या पशुरोग प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासायचं काम करायची. घरच्यांना हे काम मुलीच्या जातीला शोभत नाही असं वाटे, एकट्या मामांना वाटत नसे. तिनं सांगितलं ते असं. गोचीड चावला की गाईबैलांच्या रक्तात एक जंतू शिरतो. रक्ताचं पाणी होतं, डोळे पिवळे पडतात, आणि धडधाकट जनावर आठवडाभरात उभ्या जागी कोसळतं. खेड्यांत या तापानं गोठेच्या गोठे ओस पडतात. त्यावर लस हवी. चार वर्षांपूर्वी थोरल्या डॉक्टरांनी पाच गावांतून अशा पाच गाई शोधल्या, की ज्यांना ताप अगदी सौम्य आला आणि त्या बचावल्या. त्यांचं रक्त आणून पाच वासरांत घातलं.

"लशीचे पाच उमेदवार," ती म्हणाली. "निवडणूकच म्हणा ना. आणि तिसरा निवडून आला. तिसऱ्या रक्तानं जनावराला दोन-तीन दिवस ताप येतो, ते घास सोडतं, आणि मग पुन्हा कितीही गोचीड चावले तरी त्याला काही होत नाही."

"मग ते रक्त बाटलीत भरून कपाटात का नाही ठेवलंत?"

"बाटलीत ते आठवडाभरात मरतं, मामा. जिवंत अंगातच जगतं. एक वासरू थकलं की त्याचं रक्त काढून दुसऱ्या नव्या वासरात घालायचं, त्या घंटेसकट. चार वर्षांत तिसऱ्या घंटेनं सहा गळे पाहिलेत."

जानेवारीच्या सोळा तारखेला रेडिओवरून सांगितलं गेलं, की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. त्याच दिवशी गिरणगाव पेटलं. दगड, लाठ्या, गोळीबार आणि मग संचारबंदी. आठवडाभर प्रयोगशाळेचं कोणी घराबाहेर पडू शकलं नाही. तेवीस तारखेला डॉक्टरांनी गोठ्याचं कुलूप काढलं तेव्हा चार वासरं होती. तिसरं नव्हतं. आणि वीस वर्षं काम करणारा जुना गोठेवाला कुशाबा, तोही त्या दिवसापासून आला नव्हता.

"शनिवारी दिल्लीहून समिती येते आहे," मृणालिनी म्हणाली. "तिसरं रक्त दाखवता आलं नाही तर हे सगळं बंद. वासरं विकून टाकणार. आणि डॉक्टर कुशाबाच्या नावानं चोरीची फिर्याद देणार आहेत. मामा, कुशाबा चोर नाही."

"हे वाक्य मी एकतीस वर्षं लिहून घेतलंय," कमलाकांत म्हणाले. फाटकापाशी एक बाई उभी होती, नऊवारी लुगड्याचा पदर घट्ट आवळून. "ती कोण?"

"कांता. कुशाबाची बायको. वरळीच्या बीडीडी चाळीतून रोज चालत येते आणि तिथे बसून राहते. बाराला घंटा वाजली की तेवढी उठून उभी राहते."

"का?"

"तिला वाटतं, तो आत आहे."

२

थोरले डॉक्टर हेमचंद्र विजयकर हे कमलाकांतांच्याच ज्ञातीतले, त्यामुळे पहिली दहा मिनिटं कोणाची आत्या कोणाकडे दिली आहे यात गेली. माणूस विद्वान होता, कष्टाळू होता, आणि आपणही चुकू शकतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसावं.

"सरळ गोष्ट आहे," ते म्हणाले. "गोठ्याला दार एक, कुलूप एक, किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक कुशाबाकडे. कुलूप फुटलेलं नाही. संचारबंदीत त्यानं वासरू काढून कुठल्या तरी तबेल्यावर विकलं. प्रामाणिक असता तर निदान येऊन सांगायचं तरी. दादरला हिंदू कॉलनीत मी सात दिवस घरात बसून होतो. माझ्या दाराशी कोणी फिरकलं नाही."

"आणि सात दिवस गोठ्यातही कोणी गेलं नाही?"

"कोणीही नाही. कुशाबानं चोरी केली तेवढंच."

कमलाकांतांनी छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकली. "मग बाकीच्या चार वासरांना पाणी कोणी पाजलं?"

चार वर्षं जनावरांच्या रक्ताचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या माणसाला हे सुचलंच नव्हतं. कमलाकांतांना नवल वाटलं नाही. मोठ्या घरांत पाणी भरलेलंच असतं, ते कोण भरतं हे कोणी विचारत नाही.

गोठा त्यांनी स्वतः पुन्हा पाहिला. वरच्या अर्ध्या भिंतीला बारीक जाळी, खाली पत्रा. जाळी कशाला, तर गोचीड, माशी, डास यांतलं काही आत येऊन एकाचं रक्त दुसऱ्याला पोचवता कामा नये म्हणून. फटीला फट ठेवायची नाही, हा इथला पहिला नियम. तिसऱ्या ठाणाची फरशी इतर फरशांपेक्षा पांढरी होती आणि तिला फिनेलचा वास अजून येत होता. मागच्या भिंतीत एक बुटकं दार दिसलं.

"डॉक्टर, दार एकच म्हणालात ना?"

"ते होय? ते शेणाच्या पाट्या न्यायचं. त्याला आम्ही दार म्हणत नाही."

"किल्ली?"

"असेल कुशाबाकडेच."

तेवढ्यात बदली माणूस चौथं वासरू बाहेर न्यायला तिसऱ्या ठाणावरून निघाला. पांढऱ्या फरशीपाशी येताच वासरानं चारही पाय रोवले. नाक खाली नेऊन हुंगलं, फुरफुरलं, आणि मग असं काही हंबरलं की उरलेली तिघंही त्याला साथ देऊ लागली. भुकेचं किंवा तहानेचं ते हंबरणं नव्हतं. भर दुपारी, बाजूच्या गिरणीची धडधड चालू असताना, कमलाकांतांना तिथे उभं राहवेना. त्यांनी तोंड फिरवलं, म्हणूनच त्यांना तो कागद दिसला.

तिसऱ्या ठाणाच्या रस्त्याकडच्या पत्र्यावर, आतल्या अंगाला, एक पत्रक चिकटवलेलं होतं. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' अशी पत्रकं परळ-लालबागच्या प्रत्येक भिंतीवर होती. पण ती बाहेरून.

"गोठ्याच्या आत पत्रक?" कमलाकांत पुटपुटले. "वासरांना कुठे आलंय मत?"

नखानं त्यांनी कागदाची कड सोडवली. खळ वाळून कडक झाली होती. कागद निघाला तसा उन्हाचा एक गोल कवडसा पांढऱ्या फरशीवर येऊन पडला. पत्र्याला करंगळी जाईल एवढं भोक होतं.

३

धाकटे डॉक्टर मनमोहन टिपणीस यांचा उमेदवार पाचवा. तिसरा गेला तर शनिवारी समितीपुढे पाचवाच उभा राहणार, हे सगळ्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं, आणि आपल्याकडे सगळे कसे बघतात हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते हातचं राखून बोलत होते.

"संचारबंदीत तुम्ही घरीच?" कमलाकांतांनी विचारलं.

"अर्थात."

"डॉक्टर म्हणून पास मिळाला असेल ना? तुमच्या बुटाच्या तळाला चुना आहे, आणि चुन्याचा खड्डा गोठ्याच्या मागे आहे, म्हणून आपलं विचारलं." ही सपशेल थाप होती. बूट नुकतेच पॉलिश केलेले होते. पण टिपणिसांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, आणि कोर्टात साक्षीदारानं पाय ओढून घेतले की काय समजायचं हे कमलाकांतांना पाठ होतं.

"मी वीस तारखेला आलो होतो," टिपणीस अखेर म्हणाले. "शुक्रवारी, दुपारी. माझ्या पाचव्या वासराला बघायला. किल्ली नव्हती, पण जाळीतून दिसलं असतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गिरण्या बंद. परळमध्ये मी स्वतःच्या पावलांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दाराला बाहेरून कुलूप होतं. आणि आत…"

"आत काय?"

"आत एक बाई ओवी म्हणत होती."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "जात्यावर म्हणतात तशी. कुलूपबंद गोठ्यात. मी जाळीला डोळासुद्धा लावला नाही. सरळ परत फिरलो. आता सांगा, विज्ञानाचा पदवीधर मी, हे कोणाला सांगणार होतो? आणि तेवीसपासून ती घंटा. मी बाराच्या आधी जेवायला निघून जातो, ते भूक लागते म्हणून नाही."

माणूस खरं बोलत होता. आपली इतकी नाचक्की होईल असं खोटं कोणी रचत नाही.

टिपणिसांना तिथेच सोडून कमलाकांत फाटकापाशी कांताजवळ पायरीवर बसले. गिरगावचा धोतर-कोटातला म्हातारा आपल्या शेजारी बसलेला पाहून ती सरकून बसली.

"घरातून कधी निघाला तो?"

"बुधवारी. अठरा तारखेला सकाळी. दोन घंटे बंदी उठवली व्हती. म्हनले, वासरं तान्हेली असतील. म्या म्हनलं, जाऊ नगा. तर म्हनले, मानसं पानी मागत्यात, त्या मुक्या जीवांनी काय करावं." तिनं पदर पुन्हा आवळला. "परत आले न्हाईत. म्या समद्या दवाखान्यांत जाऊन नाव इचारलं. कुनाच्या कागदावर नाव न्हाई."

"काही खूण त्याच्या अंगावर?"

"उजव्या हाताची करंगळी. अर्धीच हाय. बैलाच्या दोरात गेली व्हती."

कमलाकांतांनी ते टिपून घेतलं. मग वासरांच्या त्या हंबरण्याबद्दल विचारलं. कांतानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं कसं कळत नाही.

"जनावराचं रगत सांडलं की त्या जागी गुरं तशीच वराडत्यात. किती बी धुवा."

४

बुधवारी सकाळी चुन्याच्या खड्ड्यावरची फळी काढली. प्रयोगात मेलेली वासरं तिथेच पुरायची रीत होती, म्हणूनच तिथे कोणी पाहिलं नव्हतं. मेलेलं जनावर जिथे असायला हवं, तिथे हरवलेलं जनावर कोण शोधणार. बदली माणसानं दोन हात उकरलं आणि फावडं टाकून दिलं.

वासरू चुन्यात नीट कुशीवर निजवलेलं होतं. मानेच्या खाली गोळीची जखम होती. गळा मोकळा होता.

डॉक्टर विजयकर खड्ड्याच्या काठावर खालीच बसले. "गोळी," ते म्हणाले. "रस्त्यावरची गोळी पत्र्यातून आत आली. चोरी नाही, काही नाही. आणि माझं तिसरं रक्त या चुन्यात संपलं." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "त्रिलोकेकर, तुम्ही कुशाबाला सोडवलंत, पण मला बुडवलंत."

चार वर्षं मृणालिनी रोज त्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून पाहत आली होती. दुसऱ्या कोणाला दिसत नसे असा तो ठिपका तिच्या ओळखीचा झाला होता. मारणाऱ्या जंतूचा ठिपका रक्ताच्या पेशीच्या कडेला बसतो, तिसऱ्याचा मधोमध. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

कमलाकांत मात्र खड्ड्याकडे बघतच राहिले होते.

"कुशाबा आत होता," ते सावकाश म्हणाले. "गोळी लागली तेव्हा किंवा लगेच नंतर. फरशी त्यानं धुतली. पत्र्याचं भोक त्यानं बुजवलं, माशी आत येऊ नये म्हणून. ज्याला पळायचं असतं तो नियम पाळत बसत नाही. मृणा, तुझ्या कपाटातलं काही गेलंय का?"

ती धावत गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा पालटला होता. "रक्त गोठू नये म्हणून ज्या औषधात धरतो त्याची एक बाटली कमी आहे. आणि एक जाड सुई. मोडून गेली असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं."

"मेलेल्या वासराचं रक्त न गोठता धरून ठेवायचं, ते कशाला?"

तेवढ्यात बारा वाजले आणि घंटा वाजली.

वासरू त्यांच्या डोळ्यांसमोर चुन्यात पडलेलं होतं. घंटा वाजतच होती. बदली माणसानं राम राम म्हणत फाटक गाठलं. कांता उठून उभी राहिली.

५

गुरुवारी कमलाकांत प्रयोगशाळेत गेलेच नाहीत. ते मागच्या गल्लीत मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि लोकांचं बोलणं ऐकू लागले. पेन्शनरानं कट्ट्यावर बसलं तर त्याला कोणी हटकत नाही, हा पेन्शनचा सगळ्यात मोठा फायदा.

गल्लीत आज दोनच विषय होते. एक राजधानीचा. दुसरा गंगुबाईच्या गाईचा.

गंगुबाई ही लालबागच्या नाक्यावरची गायवाली. गाय घेऊन बसायचं, शेजारी हिरव्या गवताच्या पेंढ्या. येणाराजाणारा आणा देऊन पेंढी घेतो, गाईला चारतो, पाठीवरून हात फिरवून तो कपाळाला लावतो. गंगुबाईचं पोट त्यावर चाले. ती राहायची गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या खोपटात, आणि बाराला गाय पाण्यासाठी तिथे आणायची.

"कालपासून घास तोंडात घेत नाही ती," एक म्हातारी सांगत होती. "माझ्या हातची पेंढी फिरवली. वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. एवढी माणसं मेली गोळीबारात, गाईला कळतंय सगळं. काहीतरी वाईट व्हायचंय अजून."

बाकीच्या बायकांनी नमस्कार केले. कमलाकांतांनी बोटांवर दिवस मोजले. अठरा जानेवारी ते आठ फेब्रुवारी, एकवीस. त्यांनी एक पोरगी पाठवून मृणालिनीला बोलावून घेतलं.

"रक्त टोचल्यावर ताप किती दिवसांनी येतो?"

"पंधरा ते पंचवीस. मग दोन-तीन दिवस जनावर घास…" बायका अजून गाईबद्दलच बोलत होत्या; तिनं गंगुबाईच्या खोपटाकडे पाहिलं.

"आपण सगळे एकच चूक करत होतो," कमलाकांत उठत म्हणाले. "घंटा वासराची समजत होतो. तूच सांगितलंस मला, रक्त नव्या जनावरात गेलं की घंटाही जाते. घंटा कधी वासराची नव्हतीच. रक्ताची होती. कुशाबापुढे मरतं वासरू होतं आणि कोऱ्या अंगाचं एक जनावर हवं होतं. गोठ्यातली चार चालणार नव्हती, त्यांच्यात आधीच चार वेगळी रक्तं. मग शेणाच्या दारातून बाहेर बघितल्यावर त्याला काय दिसलं असेल?"

खोपटाबाहेर गाय बसली होती. पाठीवर जुनी भरतकामाची झूल, गळ्यात झेंडूच्या माळा, कवड्यांच्या माळा, चार-सहा घुंगरं. डोळे जड झाले होते. गंगुबाई तिच्या तोंडाशी ओला फडका धरून बसली होती, आणि माणसं पाहताच आडवी आली.

"गंगुबाई," कमलाकांत म्हणाले, "सात दिवस वासरांना पाणी तूच पाजलंस ना? आणि ओव्या म्हणून धीर दिलास."

तिनं पदर तोंडाला लावला. मृणालिनीनं वाकून माळा बाजूला केल्या. सगळ्यात खाली, केसांत रुतलेली, पितळी घंटा होती. तिनं बोटानं हलवताच तोच आवाज आला, आणि भिंतीवरच्या जाळीतून तो थेट तिसऱ्या ठाणात उतरला असणार, हे आता सांगायला कोणी लागत नव्हतं.

"तो माका म्हणालो," गंगुबाई रडत रडत सांगू लागली, "गंगे, चार वर्षांचा डॉक्टरांचा सोना हा, तुझ्या गायत ठेवतंय. ताप येतलो, जातलो, घाबरा नको. घंटा सोडू नको. मी डॉक्टरांक सांगान येतंय, तवर कोणाक बोलू नको, ह्यो चावयो घे, मागल्या दारान वासरांका पाणी घाल. गायच्या पायावर हात ठेवून शपथ घातल्यान माका. आणि गेलो. मी वाट बघतंय. गायक सुई टोचली असा कळला तर माझी पेंढी कोण घेतलो, बाबा?"

"लिहून ठेवायचं तरी त्यानं," मागून धापा टाकत आलेले डॉक्टर विजयकर म्हणाले.

"त्याला लिहिता येत नव्हतं," कमलाकांत म्हणाले. "म्हणून त्यानं घंटा बांधली. तुम्हीच शिकवलेली भाषा ती, आणि तुम्हालाच वाचता आली नाही."

मृणालिनीनं गाईच्या कानाच्या शिरेतून एक थेंब घेतला. अर्ध्या तासानं ती सूक्ष्मदर्शकावरून उठली. तिनं डॉक्टरांना नुसती जागा करून दिली. ठिपका मधोमध होता.

६

तिसरं रक्त सापडलं. फिर्याद बारगळली. डॉक्टरांनी शनिवारसाठी नवं वासरू मागवलं आणि कमलाकांतांना शाल द्यायचं बोलून दाखवलं. कमलाकांत ऐकत नव्हते. एक प्रश्न तसाच राहिला होता, आणि त्याचं उत्तर कुठे असेल हे त्यांना पहिल्या दिवशी कांतापाशी बसले तेव्हापासून ठाऊक होतं. तिकडे जाणं ते टाळत होते, एवढंच.

शुक्रवारी ते आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या जागेवर आता रमाकांत अजिंक्य बसायचा, त्यांनीच हाताखाली तयार केलेला. त्यानं बेवारसांचं रजिस्टर पुढे ठेवलं. कांता सगळीकडे नाव विचारत गेली होती. मेलेल्याच्या खिशात नाव नव्हतं.

अठरा जानेवारी, बुधवार, दुपार. हिंदमाता सिनेमाचा कोपरा. पुरुष, वय सुमारे पन्नास, गोळीची जखम. उजव्या हाताची करंगळी अर्धी. जवळच्या वस्तू: विडीचं बंडल, आगपेटी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या दोन पट्ट्या, मध्ये रक्ताचा डाग. वारस नाही. अंत्यसंस्कार झाले.

"काच आहे अजून?" कमलाकांतांनी विचारलं.

"आहे. त्याचंच रक्त असेल, साहेब."

"नाही," कमलाकांत म्हणाले.

परळहून वरळीला घरी जाणारा माणूस हिंदमाताला जात नाही. हिंदमातावरून दादरला जातात, हिंदू कॉलनीत. वीस वर्षं कुशाबा वासरांच्या रक्ताच्या काचा डॉक्टरांच्या टेबलावर पोचवत आला होता. त्या दिवशी टेबल बंद होतं, म्हणून तो त्यांच्या घरी निघाला होता.

शनिवारी सकाळी, समिती यायच्या आधी, मृणालिनीनं ती काच रंगवली. डॉक्टर विजयकरांनी तिच्यात बराच वेळ पाहिलं. मधोमध ठिपका. मग त्यांनी कमलाकांतांनी उतरवून आणलेली रजिस्टरातली नोंद वाचली, आणि पुन्हा वाचली.

"मी म्हणालो होतो," ते म्हणाले, "की माझ्या दाराशी कोणी फिरकलं नाही."

त्यांना धीर द्यावा असं कमलाकांतांना वाटलं नाही. काही गोष्टी माणसाला लागू द्याव्यात. डॉक्टर उठले आणि रक्त एकातून दुसऱ्यात घातल्याच्या नोंदवहीत अठरा जानेवारीच्या पुढे, जिथे गेली चार वर्षं फक्त त्यांचं किंवा टिपणिसांचं नाव पडत आलं होतं, तिथे त्यांनी कुशाबाचं नाव लिहिलं. अक्षर स्वच्छ आलं.

कांताला सांगायचं काम कमलाकांतांवर आलं. एकतीस वर्षं त्यांनी अशा बायकांची जबानी उतरवली होती, पण बातमी सांगायचं काम नेहमी दुसरं कोणी करायचं. ते तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. गोळी, वासरू, गाय, घंटा, हिंदमाता. काही लपवलं नाही. ती रडली नाही. गेले काही आठवडे तिनं तेवढंच केलं असावं.

"ती काच," तिनं विचारलं, "फुटली व्हती का?"

"नाही. तडासुद्धा गेला नव्हता."

कांतानं मान हलवली. "त्येंनी पडताना हात टेकला नसंल."

आत समितीची माणसं खुर्च्या सरकवत होती. बारा वाजले. तिसऱ्या ठाणात नव्या वासरानं मान हलवली आणि घंटा वाजली.

कांता आज उठून उभी राहिली नाही.